पोटातली गाठ, डोळ्यातली खूण आणि मराठवाड्याची नोंदवही

१/
नांदेडजवळ गोदावरीच्या काठी वसलेल्या विष्णुपुरीत धरण आहे, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालयही आहे. नांदेड, हिंगोली, परभणी या जिल्ह्यांतून आणि सीमेपलीकडच्या तेलंगणातूनही रुग्ण इथे येतात. लहान मुलाच्या पोटात गाठ निघाली की अशा कोणत्याही रुग्णालयाच्या व्हरांड्यात नातेवाइकांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो : "हे कुणाकडून आलं? आईकडून का बापाकडून?" या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात वैद्यकशास्त्राची शंभराहून अधिक वर्षे गेली. त्या शोधाचा हा इतिहास. #धागा

२/
लहान मुलांच्या मूत्रपिंडात होणाऱ्या कर्करोगांपैकी बहुतांश कर्करोग एकाच प्रकारचे असतात. त्याचे नाव विल्म्स ट्यूमर. साधारण दहा हजार मुलांमागे एकाला तो होतो. बहुतेक मुले पाच वर्षांच्या आतली असतात. तीन-चार वर्षांच्या वयात त्याचे प्रमाण सर्वाधिक. मूल खेळत असते, जेवत असते, त्याला फारसे दुखतही नसते. अंघोळ घालताना किंवा कपडे बदलताना आईच्या हाताला पोटाच्या एका बाजूला कडक गोळा लागतो. खेड्यापाड्यांत आधी जंतांची शंका घेतली जाते, मग पानथरीची. तेवढ्यात काही आठवडे निघून जातात.

३/
हा आजार नवा नाही. इंग्लंडमध्ये थॉमस रान्स यांनी १८१४ साली अशा गाठीचे वर्णन लिहून ठेवले होते. १८७७ साली लीड्स शहरात रिचर्ड जेसप या शल्यविशारदांनी दोन वर्षांच्या मुलाचे गाठ असलेले मूत्रपिंड शस्त्रक्रियेने काढले. मूल शस्त्रक्रियेतून वाचले, पण काही महिन्यांनी दगावले. एकोणिसाव्या शतकात हीच मोठी मजल मानली गेली, कारण त्या काळात अशी गाठ झालेले जवळजवळ प्रत्येक मूल मरत असे. गाठ कशाची आहे, याविषयीही वैद्यांत एकमत नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात मूत्रपिंडाच्या पेशींबरोबर स्नायूंचे, क्वचित कूर्चेचेही तंतू दिसत. मूत्रपिंडात स्नायू आले कुठून?

४/
या कोड्याला हात घातला माक्स विल्म्स या जर्मन शल्यविशारदाने. त्याचा जन्म १८६७चा. १८९९ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याने लाइपझिग येथून मूत्रपिंडातील 'मिश्र गाठीं'वर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : या गाठीतील निरनिराळ्या ऊती बाहेरून आलेल्या नाहीत. गर्भ वाढत असताना ज्या आदिम पेशींपासून पुढे मूत्रपिंड, स्नायू वगैरे तयार होतात, त्याच पेशींपासून ही गाठ उगवते. म्हणजे मूल तिसऱ्या वर्षी आजारी पडले, तरी आजाराचे बी गर्भावस्थेतच पडलेले असते. पुढे हा आजार त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

५/
विल्म्सचा हा विचार पुढच्या सव्वाशे वर्षांत पक्का होत गेला. मूत्रपिंडाची जडणघडण मूल जन्मण्याच्या काही आठवडे आधी पूर्ण होते. काही बाळांत मात्र गर्भावस्थेतील अपक्व पेशींचे लहान पुंजके मागे राहतात. त्यांतले बहुतेक आपोआप विरून जातात. एखादा पुंजका वाढतच राहतो आणि त्याची गाठ होते. विल्म्सला हे पुढचे काही पाहायला मिळाले नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी, १९१८ साली, घटसर्प झालेल्या एका युद्धकैद्यावर शस्त्रक्रिया करताना त्याला संसर्ग झाला आणि त्यातच तो गेला. गाठ कशापासून होते, हे त्याने सांगितले होते. एखाद्याच मुलात ती का होते, हा प्रश्न तसाच राहिला.

६/
दरम्यान उपचार पुढे गेले. १९३०च्या दशकात बॉस्टनमध्ये विल्यम लॅड यांनी शस्त्रक्रियेची पद्धत सुधारली. त्यानंतर किरणोपचारांची जोड मिळाली. १९४० साली सेलमन वॅक्समन आणि बॉइड वुडरफ यांनी मातीतल्या जिवाणूंपासून 'ॲक्टिनोमायसिन' वेगळे केले. त्याच कुळातील औषध १९५०च्या दशकात सिडनी फार्बर यांनी या गाठीवर वापरले. शस्त्रक्रिया, किरण आणि औषध ही तिन्ही एकत्र आल्यावर चित्र पालटले. एके काळी जवळजवळ सर्वच मुलांचा जीव घेणाऱ्या या आजारातून, जिथे सर्व सोयी वेळेवर मिळतात तिथे, आज दहापैकी नऊ मुले बरी होतात.

७/
'जिथे सोयी मिळतात तिथे' या शब्दांपाशी मराठवाड्याचा इतिहास येतो. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, तेव्हा नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद, उस्मानाबाद हे जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १७ सप्टेंबर १९४८ला ती राजवट संपली. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली निघाले आणि नांदेडचे १९८८ साली. म्हणजे फार्बरचे औषध जगात रुळल्यानंतर कितीतरी वर्षे नांदेडच्या मुलासाठी कर्करोगाचा उपचार याचा अर्थ हैदराबादचा किंवा मुंबईचा प्रवास, असाच होता. आजाराचे ज्ञान जिथे तयार होत होते तिथून हा प्रदेश दूर होता. या अंतराकडे धाग्याच्या शेवटी पुन्हा यावे लागेल.

८/
'एखाद्याच मुलाला का?' या प्रश्नाचा पहिला धागा प्रयोगशाळेत सापडला नाही, तो जुन्या केसपेपरांत सापडला. रॉबर्ट मिलर हे अमेरिकन बालरोगतज्ज्ञ १९५०च्या दशकात हिरोशिमातील अणुबॉम्बग्रस्तांच्या पाहणीत काम करून आले होते. मोठ्या लोकसंख्येतील नोंदी शांतपणे चाळून त्यांतून नेमके काय निघते, हे पाहण्याची सवय त्यांना तिथे लागली असावी. पुढे राष्ट्रीय कर्करोग संस्थेत त्यांनी जोसेफ फ्रॉमेनी आणि मिरियम मॅनिंग यांच्यासह विल्म्स ट्यूमर झालेल्या ४४० मुलांचे कागद तपासले. प्रश्न एवढाच होता : या मुलांत कर्करोगाखेरीज आणखी काही वेगळे आढळते का?

९/
१९६४ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. ४४० मुलांपैकी सहा जणांच्या डोळ्यांत बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, म्हणजे परितारिका, जन्मतःच नव्हती. सहा हा आकडा किरकोळ वाटेल. पण ही डोळ्याची व्याधी सर्वसाधारण लोकसंख्येत साधारण पन्नास हजारांत एकालाच असते. त्या हिशेबाने ४४० मुलांत असे एकही मूल सापडण्याची अपेक्षा नव्हती. काही मुलांत शरीराची एक बाजू दुसरीपेक्षा मोठी असल्याचेही दिसले. डोळा आणि मूत्रपिंड यांचा परस्परांशी काय संबंध? एकच शक्यता उरत होती : दोन्हींचे कारण एकच आहे आणि ते जन्माच्या आधीचे आहे.

१०/
या निष्कर्षाचे महत्त्व समजून घ्यायला हवे. त्या काळी कर्करोगाकडे मुख्यतः बाहेरून होणारा आघात म्हणून पाहिले जाई : धूर, रसायने, किरणोत्सर्ग. तीन वर्षांच्या मुलाने ना तंबाखू खाल्लेली असते, ना कारखान्यात काम केलेले असते. मिलर यांच्या लेखाने लक्ष वारशाच्या पेटीकडे, म्हणजे गुणसूत्रांकडे वळवले. शिवाय त्यातून एक व्यावहारिक गोष्टही हाती लागली. डोळ्यातील खूण जन्मताच दिसते, गाठ पुढे दोन-तीन वर्षांनी होते. म्हणजे धोका कोणाला आहे हे आधी ओळखून त्या मुलावर लक्ष ठेवता येणे शक्य होते.

११/
पुढचे पाऊल आल्फ्रेड नुडसन यांचे. १९७१ साली त्यांनी डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगाची, म्हणजे रेटिनोब्लास्टोमाची, ४८ मुले अभ्यासली. त्यांच्याकडे ना महागडी उपकरणे होती, ना जनुके वाचण्याचे तंत्र. मूल किती महिन्यांचे असताना गाठ दिसली आणि ती एका डोळ्यात होती की दोन्ही, एवढ्याच नोंदींवर त्यांनी गणित मांडले. दोन्ही डोळ्यांत गाठ असलेली मुले लवकर आजारी पडत होती, एका डोळ्याची उशिरा. त्यातून निघालेला सिद्धान्त 'दोन आघातांचा' म्हणून ओळखला जातो. पुढच्याच वर्षी लुईस स्ट्राँग यांच्यासह त्यांनी तो विल्म्स ट्यूमरला लावला.

१२/
हा सिद्धान्त सायकलच्या उदाहरणाने समजतो. पेशीची वाढ रोखणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. सायकलला दोन ब्रेक असावेत तसे. एक ब्रेक निकामी झाला तरी दुसऱ्यावर सायकल थांबते. दोन्ही गेले की ती सुटते. काही मुलांत एक ब्रेक जन्मापासूनच निकामी असतो. मग दुसरा बिघडायचा अवकाश. म्हणून अशा मुलांत गाठ लवकर होते, कधी दोन्ही मूत्रपिंडांत होते. बाकीच्या मुलांत दोन्ही ब्रेक एकाच पेशीत, केवळ योगायोगाने, एकामागून एक जावे लागतात.

१३/
नुडसन आणि स्ट्राँग यांनी तेव्हा अंदाज केला की सुमारे ३८ टक्के विल्म्स ट्यूमर आनुवंशिक असावेत. हा अंदाज खरा असता, तर या आजारातून वाचून मोठ्या झालेल्या माणसांच्या मुलांत तो पुन्हा वारंवार दिसायला हवा होता. १९८८ साली फ्रेडरिक ली आणि सहकाऱ्यांनी नेमके हेच तपासले. बालपणी एका मूत्रपिंडात गाठ होऊन बऱ्या झालेल्या माणसांची दीडशेहून अधिक अपत्ये त्यांनी पाहिली. त्यांतल्या एकालाही हा आजार झालेला नव्हता. सिद्धान्त टिकला, पण टक्केवारी कोसळली. एकाच कुटुंबात दोघांना ही गाठ झाल्याची उदाहरणे शंभरात एक-दोनच असतात, हे आज मान्य आहे.

१४/
मिलर यांना डोळ्यात दिसलेल्या खुणेचा माग मात्र नेमक्या जागी पोचला. १९७८ साली व्हिन्सेंट रिकार्डी आणि सहकाऱ्यांना अशा मुलांच्या अकराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेतील एक तुकडा गळालेला दिसला. १९९० साली दोन स्वतंत्र चमूंनी त्याच तुकड्यातून एक जनुक शोधून काढले. त्याचे नाव डब्ल्यूटी-१. परितारिका घडवणारे पॅक्स-६ हे जनुक त्याच्या शेजारीच असते. तुकडा गळाला की दोन्ही जनुके एकदम जातात. डोळा आणि मूत्रपिंड यांचे नाते हे असे शेजारचे होते. १९६४ साली सहा मुलांच्या नोंदीतून सुरू झालेला तपास सव्वीस वर्षांनी संपला.

१५/
तो पुरता संपला असे मात्र नाही. डब्ल्यूटी-१ बिघडलेले आढळते ते थोड्याच गाठींत. त्याच भुजेवर टोकाकडे दुसरी एक जागा निघाली आणि तिथे आई-बापाचा प्रश्न वेगळ्याच रूपात पुढे आला. तिथले वाढीला चालना देणारे एक जनुक फक्त बापाकडून आलेल्या प्रतीतून चालते. आईकडची प्रत मिटलेली असते. ही निसर्गाची नेहमीची, निरोगी व्यवस्था आहे. १९९३ साली दिसून आले की अनेक विल्म्स गाठींत आईकडची प्रतही जागी झालेली असते, त्यामुळे वाढीचा जोर दुप्पट होतो. पण ही प्रत जागी होते मुलाच्याच शरीरात. आईच्या वागण्याचा, खाण्याचा त्यात काही हात असल्याचे दिसलेले नाही.

१६/
आपल्याकडे या चर्चेत आणखी एक शंका डोकावते : नात्यातल्या लग्नाची. इरावती कर्वे यांनी १९५३च्या आपल्या नातेव्यवस्थेवरील ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्यामधला प्रदेश म्हटले आहे. उत्तरेत मामाची मुलगी बहिणीसारखी, तर इथे अनेक समाजांत तिच्यावर पहिला हक्क. कर्नाटक-तेलंगणात मामा-भाचीचे लग्नही होते. नांदेड आणि लातूर त्या सीमेला लागूनच आहेत. हा विषय मुंबईच्या संशोधकांनी फार आधी हाताळला होता. व्ही. आर. खानोलकर आणि एल. डी. संघवी यांनी १९४९ साली मुंबईतील सहा अंतर्विवाही समूहांच्या आनुवंशिक लक्षणांची तुलना प्रसिद्ध केली. १९५६ साली संघवी आणि सहकाऱ्यांनी बारा समूहांतील नात्यातल्या विवाहांचे प्रमाण मोजले.

१७/
नात्यातील लग्नाने कोणता धोका वाढतो, याचे चांगले उदाहरणही मुंबईचेच आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट नोंदवला. तो आज जगभर 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला जातो. हा गट होण्यासाठी तेच दुर्मीळ जनुक आई आणि बाप या दोघांकडूनही यावे लागते. दोघांकडे ते लपून असते, त्यांना स्वतःला काही कळत नाही. आई-बाप एकाच आजोबांची नातवंडे असतील तर दोघांकडे तेच लपलेले जनुक असण्याची शक्यता वाढते. थॅलॅसेमियासारखे काही गंभीर आजारही याच वाटेने येतात. त्या बाबतीत नात्यातले लग्न टाळण्याचा सल्ला रास्त आहे.

१८/
विल्म्स ट्यूमरची नेहमीची वाट मात्र ही नव्हे. जिथे धोका जन्मतःच असतो, तिथे बहुधा एकाच प्रतीतील बिघाड पुरेसा असतो, आणि डब्ल्यूटी-१च्या बाबतीत तो बिघाड पुष्कळदा आई-बापांत नसतोच; तो मुलातच पहिल्यांदा उद्भवतो. दोन्हीकडून बिघडलेली प्रत मिळून हा कर्करोग होणे शक्य आहे, पण ते फारच विरळ अशा काही व्याधींत घडते आणि तिथे मुलाच्या वाढीत इतरही ठळक दोष दिसतात. म्हणून पोटात गाठ निघालेल्या मुलाच्या आईला "मामाच्या घरी दिली म्हणून झालं" असे ऐकवणे शास्त्राला धरून नाही.

१९/
२०१२ साली शोधाची दिशा पुन्हा बदलली. नाझनीन रहमान यांच्या चमूने विल्म्स ट्यूमर झालेल्या ७५७ जणांच्या जनुकसंचाची १,८७९ निरोगी माणसांशी तुलना केली. दुसऱ्या आणि अकराव्या गुणसूत्रांवर अशा दोन जागा सापडल्या, जिथल्या सर्वसामान्य, पुष्कळांत आढळणाऱ्या भेदांनी धोका किंचित वाढतो. किती? साधारण दीडपट. दहा हजारांत एक असलेला धोका दीडपट झाला, तर तो दहा हजारांत दीड होतो. म्हणजे असे भेद अंगात असलेल्या जवळजवळ सर्वच मुलांना हा आजार कधीच होत नाही. 'धोका वाढवणारे जनुक' आणि 'आजार देणारे जनुक' यांतला फरक हा असा आहे.

२०/
इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला पडणारा नेहमीचा प्रश्न विचारायला हवा : ही नोंद कोणाची आहे? २०१२च्या त्या अभ्यासातील माणसे युरोपीय वंशाची होती. आणि हा आजार सर्वत्र सारख्या प्रमाणात आढळत नाही. आफ्रिकी वंशाच्या मुलांत तो अधिक, जपान-चीनसारख्या पूर्व आशियाई देशांत कमी दिसतो. जपानमधील गाठींत पंधराव्या पोस्टमधला 'प्रत जागी होण्याचा' प्रकारही विरळ आहे. म्हणजे एका लोकसमूहातील धोक्याचे गणित दुसऱ्याला जसेच्या तसे लावता येत नाही. 'जीनोम इंडिया' प्रकल्पाने १० हजार भारतीयांचे जनुकसंच वाचून जानेवारी २०२५मध्ये खुले केले. पाया घातला गेला आहे. पण तो निरोगी माणसांचा आहे. आजारी मुलांची नोंद त्याला जोडायची आहे.

२१/
अशी नोंद मराठवाड्यात होऊ शकते का? याचे उत्तर इतिहासात आहे. देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ साली मुंबईत डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने सुरू झाली. पण ती शहराची होती. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात डॉ. बी. एम. नेने यांनी देशातली पहिली ग्रामीण नोंदणी उभी केली. बार्शीबरोबर परांडा आणि भूम हे मराठवाड्यातले तालुके तिच्यात होते. एकूण ३४६ गावे. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते गावोगाव जात, लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णाला तपासणीस आणत.

२२/
त्याच भागातून पुढे जगाला ठाऊक झालेले एक काम उभे राहिले. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील ५२ गावसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर आधारित गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, असे त्यात दिसले आणि जगभरच्या तपासणी धोरणांवर त्याचा परिणाम झाला. ज्या गटाला तपासणी मिळाली नाही, त्यातील स्त्रियांविषयी पुढे नैतिक प्रश्नही विचारले गेले. ते विसरता येत नाहीत. पण एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली : मराठवाड्यातली खेडी मोजली गेली, तेव्हा त्या मोजणीतून जग शिकले.

२३/
बालपणीच्या मूत्रपिंड कर्करोगाबाबत मोजणीचे काम अगदी साधे असू शकते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत जाऊन मुले तपासतात. डोळ्यात परितारिका नसलेले किंवा शरीराची एक बाजू ठळकपणे मोठी असलेले मूल दिसले, तर त्याची साधारण सात वर्षांचे होईपर्यंत दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करण्याची पद्धत जगात रूढ आहे. गाठ लहान असताना सापडली की उपचार कमी आणि यश अधिक. आणि पोटात गोळा लागलाच, तर तेल लावून चोळणे, पुन:पुन्हा दाबून पाहणे टाळावे. गाठ फुटून आजार पोटभर पसरू शकतो. त्याच दिवशी सोनोग्राफीसाठी न्यावे.

२४/
अंतरही काहीसे कमी झाले आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२मध्ये पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत लागू झाली. त्यांत नांदेड होते. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने राज्यभर चालू आहे. तरीही मुंबईला जायचे, महिनोन्‌महिने राहायचे, शेतीचे आणि मजुरीचे दिवस बुडवायचे, हा खर्च कोणत्याही योजनेच्या कागदावर पूर्ण मावत नाही. अर्ध्यावर सोडलेले उपचार आणि उशिरा झालेले निदान ही मुले गमावण्याची आपल्याकडची मोठी कारणे आहेत. मुलाचे भवितव्य जनुकांइतकेच या दोन गोष्टींवर ठरते.

२५/
आता व्हरांड्यातला तो प्रश्न. २०१९ साली केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेतील संशोधकांनी विल्म्स ट्यूमर झालेल्या मुलांच्या गाठीबरोबर त्यांच्या मूत्रपिंडाचा निरोगी दिसणारा भागही तपासला. निम्म्याहून अधिक मुलांत त्या निरोगी भागातही गाठीची पहिली पायरी सापडली. तो बदल गर्भधारणेनंतर, मूत्रपिंड घडत असताना, एखाद्या पेशीत झाला होता आणि तिच्यापासून वाढलेल्या पेशींत पसरला होता. मुलाच्या रक्तात तो सहसा नव्हता. विल्म्सने १८९९ साली सूक्ष्मदर्शकातून जे ताडले होते, ते एकशेवीस वर्षांनी जनुकांच्या भाषेत वाचता आले.

२६/
म्हणजे "आईकडून का बापाकडून?" याचे बहुतेक वेळा खरे उत्तर "दोघांकडूनही नाही" असे आहे. थोड्या मुलांत धोका जन्मतः असतो. तो ओळखण्यासाठी आणि भावंडांची काळजी घेण्यासाठी जनुकीय तपासणी व समुपदेशन हवे. तेथेही तो कोणाचा दोष ठरत नाही. ४४० केसपेपर, ४८ मुलांची वये, ३४६ गावे : या इतिहासातली प्रत्येक पुढची पायरी कुणीतरी चिकाटीने ठेवलेल्या नोंदीवर उभी आहे. विष्णुपुरीच्या व्हरांड्यात बसलेल्या आईला दोष देण्यात जो वेळ जातो, तो तिच्या मुलाची नोंद नीट ठेवण्यात आणि त्याला पुढच्या उपचारापर्यंत पोचवण्यात गेला, तर त्या नोंदीत मराठवाड्यातल्या मुलांचेही पान असेल.

(समाप्त) #इतिहास #मराठवाडा #नांदेड #आरोग्याचा_इतिहास